ट्रेब्युशेने भिंत फोडली की किल्ला पडायचा, हे कितपत खरं?

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांमध्ये एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरतेय, की मध्ययुगात बंडखोरांच्या ताब्यातला किल्ला घ्यायचा म्हणजे चार-पाच ट्रेब्युशे (लांबून मोठे दगड फेकणारी यंत्रं) लावायचे, भिंत फोडायची आणि सैन्य आत घुसवायचं.

गेममध्ये तसंच होतं, त्यामुळे असं वाटणं साहजिकच आहे. पण खरे वेढे बऱ्याचदा भुकेने, नाहीतर वाटाघाटींनी संपायचे.

इंग्लंडमधला रॉचेस्टरचा किल्ला घ्या. १२१५ मध्ये तो बंडखोरांकडे होता, राजाने वेढा घातला, दगडफेकीची यंत्रं सतत चालवली तरी काम होईना, मग पायाखाली भुयार खणून लाकडी टेकू दिले आणि ते पेटवायला राजाने चक्क ४० लठ्ठ डुकरं मागवली, चरबीसाठी! मुख्य बुरुजाचा एक कोपरा कोसळला. तरीही आतले लोक मधल्या भिंतीमागे सरकून लढतच राहिले (मला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो) आणि खायचे वांधे झाले तेव्हाच शरण आले, साधारण सात आठवड्यांनी.

हे स्वतः तपासायचं तर त्या बुरुजाचे फोटो शोधा, तीन कोपरे चौकोनी दिसतील आणि एक गोल. पडलेला कोपरा नंतर गोल बांधला.

इंग्लंडमधल्याच केनिलवर्थच्या किल्ल्याचंही तसंच, १२६६ मध्ये तिथले बंडखोर जवळपास सहा महिने टिकले, कारण भोवती पाणी होतं. हरवलं ते उपासमारीने आणि रोगराईने.

आता गेममध्ये वेढा घातलात की बघा, आतल्या शत्रूचं धान्य कमी होतंय का. बऱ्याच गेममध्ये होतच नाही.