'आज आई गेली' : फ्रेंचमधलं एक वाक्य आणि बरंच व्याकरण

फ्रेंच शिकताना आधी जो भूतकाळ येतो तो पासे काँपोझे, म्हणजे रोजच्या बोलण्यातला, 'मी जेवलो', 'ती आली' वगैरे. दुसरा एक आहे पासे सँप्ल, तो बोलताना जवळपास कोणी वापरत नाही, तो कथा-कादंबऱ्यांमधला आणि इतिहासाच्या पुस्तकांमधला. अल्बेर काम्यूने १९४२ साली 'लेत्राँझे' ही कादंबरी जवळजवळ अख्खी त्या बोलण्यातल्या भूतकाळात लिहिली आणि सुरुवातच केली 'ओजूर्द्वी, मामाँ ए मॉर्त' अशी. आज आई गेली.

आता यातला काळ बदलून बघा. पासे सँप्ल घातला तर 'मामाँ मूर्यु' होतं, पण मग 'आज' हा शब्दच खटकायला लागतो, तिथे 'त्या दिवशी' करावं लागतं, आणि समोर बसून बोलणारा माणूस जाऊन कोणीतरी लांबून गोष्ट सांगतोय असं वाटतं. भाषाशास्त्रज्ञ एमील बेनव्हेनिस्त यांनी १९५९ मध्ये हाच फरक मांडला, एक काळ घटना नुसत्या सांगण्याचा आणि दुसरा 'मी'ने 'तू'शी बोलण्याचा.

शिवाय 'ए मॉर्त'चे दोन अर्थ निघतात, आई वारली आणि आई मेलेली आहे, घटना पण आणि अवस्था पण. पुरुष असता तर 'मॉर' झालं असतं, बाईसाठी शेवटचा त ऐकू येतो. आपल्याकडे गेला-गेली आहेच, त्यामुळे मराठी माणसाला हे पटकन कळतं.

आणि लगेच पुढे वृद्धाश्रमाची तार येते, तिच्यात 'मामाँ' नाही, 'मेर' आहे. म्हणजे आई नाही, मातोश्री. 'मातोश्रींचे निधन. अंत्यविधी उद्या.' आणि खाली आपल्या 'कळावे, लोभ असावा'सारखा ठरलेला शेवट. दोन-तीन ओळींत घरातली भाषा आणि ऑफिसची भाषा शेजारी शेजारी ठेवलीये!

काळ, लिंग, शब्दांची निवड असं भाषेकडे बारकाईने बघत साहित्य वाचायच्या याच पद्धतीला शैलीविज्ञान म्हणतात. भाषाशिक्षणाचे अभ्यासक हेन्री विडोसन यांनी १९७५ च्या पुस्तकात ते भाषाशास्त्र आणि साहित्यसमीक्षा यांच्या मधे ठेवलं आणि साहित्य शिकवायला कसं वापरायचं ते दाखवलं. मला मनापासून वाटतं की साहित्य शेवटच्या वर्षापर्यंत राखून ठेवायची काही गरज नाही, ज्याला पासे काँपोझे येतो त्याला हे पहिलं पान आजच देता येईल, फक्त आधी लेखकाचं चरित्र सांगत बसू नका, क्रियापदांखाली पेन्सिलने रेघा मारायला लावा.