ओढलेली कॅराव्हॅन का डोलते?

एक छोटासा व्हिडिओ वर्षानुवर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. धावत्या पट्ट्यावर खेळण्यातली मोटार आणि तिच्यामागे छोटा ट्रेलर. ट्रेलरमधली वजनं पुढे आहेत तोवर बोटाने धक्का दिला तरी तो एकदोनदा डोलून सरळ होतो. तीच वजनं मागच्या टोकाला नेली की तेवढ्याच धक्क्याने तो डोलायला लागतो, डोलणं वाढत जातं आणि शेवटी मोटारही गरकन फिरते. खाली ठरलेला मजकूर: ‘सामान पुढे भरा.’ सल्ला ठीकच आहे, पण त्या व्हिडिओतली सगळ्यात सुंदर गोष्ट त्यात येत नाही. पट्टा पुरेसा सावकाश फिरवला, तर वजनं मागे असूनही हेलकावा बहुधा विरून जाईल. या सगळ्या नाटकाचा सूत्रधार वेग आहे.

महाराष्ट्रात कॅराव्हॅन म्हटलं की राहण्याची सोय असलेली बस किंवा व्हॅन डोळ्यांसमोर येते. इथे मी बोलतोय ती ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात रस्तोरस्ती दिसणारी, मोटारीच्या मागे टो-बॉलला, म्हणजे तिथे बसवलेल्या धातूच्या गोळ्याला, जोडून ओढायची चाकांवरची खोली. तिथे १ जानेवारी १९९७ नंतर मोटारीची परीक्षा दिलेल्यांना मोठा ट्रेलर ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि साध्या परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येऊ लागला. गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडून तिकडे जाऊन स्थायिक झालेली मंडळी बहुतेक याच गटात मोडतात. परीक्षा गेली, पण परीक्षेमागचं विज्ञान जागेवरच आहे, म्हणून हा लेख.

आधी टायरबद्दल. टायर ज्या दिशेला तोंड करून असतो, नेमका त्याच दिशेला जातो असं आपण धरून चालतो. आडवं बळ लागलं की तसं होत नाही. रबर थोडं वळतं आणि चाकाचं तोंड व प्रत्यक्ष प्रवासाची दिशा यांत काही अंशांचा फरक पडतो. याला स्लिप अँगल म्हणतात. घसरण्याशी याचा संबंध नाही. टायर रस्त्याला घट्ट धरून असतानाच हा कोन तयार होतो, आणि कोन लहान असेपर्यंत आडवं बळ त्याच्या प्रमाणात वाढतं. दोन अंशांना जेवढं बळ, चार अंशांना साधारण दुप्पट.

आता सरळ रस्त्यावर चाललेली कॅराव्हॅन घ्या. शेजारून मोठा ट्रक गेला, हवेच्या झोताने तिला किंचित तिरकं केलं. तिच्या चाकांना आता दोन कारणांनी स्लिप अँगल मिळतो. पहिलं, ती तिरकी उभी आहे. या कोनामुळे येणारं बळ तिला परत सरळ आणतं. म्हणजे हे स्प्रिंगचं काम. दुसरं कारण मला अतिशय आवडतं. परत येताना तिची चाकं आडवी सरकत असतात, म्हणून त्यांच्या प्रवासाची दिशा आणखी थोडी बदलते. हा कोन किती? आडवा वेग भागिले पुढचा वेग. यातून येणारं बळ नेहमी आडव्या हालचालीच्या विरुद्ध असतं, म्हणजे ते हेलकाव्याची ऊर्जा काढून घेतं. हे डॅम्पिंग, मराठी पाठ्यपुस्तकांतलं अवमंदन.

भागाकारात खाली काय आहे ते पाहा. गाडी ताशी ७२ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला २० मीटरने चालली आहे आणि चाकं सेकंदाला १ मीटरने आडवी सरकताहेत, तर हा कोन २.९ अंश. वेग ताशी १०८ केला, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, तर त्याच आडव्या सरकण्याला फक्त १.९ अंश. विरोध करणारं बळ एक-तृतीयांशाने घटलं. स्प्रिंगचं बळ मात्र वेगावर अवलंबून नाही, ते तसंच राहिलं. म्हणून कॅराव्हॅनच्या हेलकाव्याला लागणारा वेळ वेगाबरोबर फारसा बदलत नाही. मध्यम आकाराच्या कॅराव्हॅनचं एक आवर्तन पावणेदोन सेकंदांच्या आसपास असतं, ताशी ६० ला आणि ताशी १०० ला जवळपास तेवढंच. चालकाला तोच ओळखीचा हेलकावा जाणवतो. तो शमवणारी शक्ती झिजत चालली आहे, हे त्याला आतून कळायला काही मार्गच नसतो.

इथवरच्या हिशेबात डॅम्पिंग कमी होतं, पण शून्याखाली जात नाही. ते शून्याखाली नेण्याचं काम ओढणारी मोटार करते, कारण टो-बॉल हा भिंतीतला खिळा नाही. तो मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे, साधारण एक मीटर बाहेर लोंबकळत असतो. कॅराव्हॅनने त्याला आडवं ढकललं की मोटारीची पाठ हलते, मोटार किंचित वळते, तिचे मागचे टायर स्वतःचा स्लिप अँगल घेतात आणि मग टो-बॉल परतीला लागतो. या सगळ्याला वेळ लागतो. एका ठरावीक वेगाच्या पुढे, ज्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात, ही दिरंगाई अशी बसते की टो-बॉलची हालचाल कॅराव्हॅनच्या हेलकाव्याला चालना देऊ लागते. झोका परत जायला निघाला की त्याच क्षणी मागून हलका रेटा द्यावा, तसं. आता एकूण डॅम्पिंग ऋण झालं. प्रत्येक आवर्तनात हेलकावा दीडपट होत असेल, तर पाच आवर्तनांत तो साडेसातपट होईल, आणि पाच आवर्तनं म्हणजे नऊ सेकंदही नाहीत. ही ऊर्जा वाऱ्यातून येत नाही. वारा फक्त सुरुवात करून देतो. ती गाडीच्या पुढे जाण्यातूनच येते. १,६०० किलोची मोटार आणि १,३०० किलोची कॅराव्हॅन ताशी ९० ने जात असतील, तर त्यांच्याकडे सुमारे ९०० किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. हेलकाव्याला पुरून उरेल एवढी. रेल्वेचा डबा रुळांवर वेगात डावी-उजवीकडे हालू लागतो किंवा विमानाच्या पंखात फ्लटर, म्हणजे आपोआप वाढत जाणारी थरथर, सुरू होतो, त्यांचं गणितही याच घराण्यातलं.

एवढं समजलं की मोटार कशी तयार करायची हे पाठ करावं लागत नाही. टो-बॉल जेवढा कमी हलेल तेवढा क्रिटिकल स्पीड वर जातो. मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत २.७ मीटर अंतर आहे आणि टो-बॉल मागच्या चाकांच्या १.१ मीटर मागे आहे असं धरा. कॅराव्हॅनने १०० किलोच्या वजनाइतकं आडवं बळ लावलं, तर मागच्या टायरांना १४१ किलोइतकं सोसावं लागतं आणि पुढच्यांना उलट बाजूला ४१ किलोइतकं. सगळा भार मागच्या टायरांवर. म्हणून ओढताना मागच्या टायरांत कंपनीने पूर्ण भारासाठी सांगितलेला जास्तीचा दाब भरायचा, तोही टायर थंड असताना मोजून. ताठ भिंतीचे टायर, लांब व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), मागे कमी बाहेर आलेला टो-बॉल आणि जड मोटार, हे सगळं याच एका कारणासाठी हवं असतं. भरलेली कॅराव्हॅन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावी, ही ब्रिटनमधली नवशिक्यांसाठीची शिफारसही यातूनच आली. तो कायदा नाही. आणि ‘माझी एसयूव्ही दोन टनांची आहे, मला काय होतंय’ हा विश्वास तर अर्धाच खरा आहे. वजन मदत करतं, पण उंच मऊ टायर, लवचीक सस्पेन्शन आणि लांब मागे गेलेला टो-बॉल त्यातला बराच फायदा खाऊन टाकू शकतात.

आपल्या महामार्गांवरचे ट्रेलर-ट्रक पाहा. तीस-तीस टन ओढतात, पण त्यांची जोड ओढणाऱ्या पुढच्या ट्रकच्या मागच्या आसांवर किंवा किंचित पुढे असते. बाजूला ढकलायला मागे लोंबणारा दांडाच नाही. अमेरिकेत कॅराव्हॅनसाठी हेन्सली नावाची जोड मिळते. तिच्यातल्या चार दांड्यांच्या चौकटीमुळे ट्रेलर जणू बऱ्याच पुढच्या, मागच्या आसाजवळच्या बिंदूभोवती फिरतो. बॉल मागेच, पण फिरण्याचा बिंदू पुढे. भूमितीचा इतका देखणा उपयोग मी क्वचितच पाहिला आहे.

कॅराव्हॅनच्या बाजूने दोन गोष्टी. टो-बॉलवर टेकणारं वजन, नोजवेट, कॅराव्हॅनच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के ठेवतात, मोटारीने आणि टो-बारने (टो-बॉल ज्यावर बसतो त्या दांड्याने) घातलेल्या मर्यादेत. वाढवत गेलं म्हणजे अधिक सुरक्षित असं नाही. वरच्याच मापांच्या मोटारीवर ८० किलो नोजवेट पुढच्या चाकांवरचा ३३ किलो भार उचलून घेतं, म्हणजे स्टिअरिंग तेवढं हलकं पडतं. दुसरी गोष्ट जडत्व आघूर्णाची, म्हणजे फिरू लागायला किंवा फिरणं थांबवायला वस्तू किती विरोध करते त्याची, आणि तिथे अंतराचा वर्ग येतो. २० किलोची पेटी मध्यापासून ३ मीटरवर, मागच्या टोकाला ठेवली तर ती अर्ध्या मीटरवर ठेवण्यापेक्षा ३६ पट आघूर्ण वाढवते. व्हिडिओखालचा ‘सामान पुढे भरा’ हा सल्ला इथे अपुरा पडतो. नोजवेट बरोबर यावं म्हणून पुढच्या टोकाला एक जड वस्तू आणि मागच्या टोकाला दुसरी ठेवली, तर काटा अचूक आकडा दाखवेल आणि कॅराव्हॅन मात्र डोलायला मोकळी होईल. जड सामान चाकांच्या आसाजवळ आणि जमिनीलगत.

नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधल्याने डॅम्पिंग वाढत नाही, हे वाचकांना सांगायला नको. पण हेलकावे रोखायला जोडावर बसवतात त्या घर्षणाच्या स्टॅबिलायझरकडेही लोक तशाच श्रद्धेने पाहतात, याची मला जास्त काळजी वाटते, कारण तो खरोखर काम करतो, पण ठरावीक हद्दीपर्यंतच. टो-बॉलला आवळून धरणाऱ्या त्याच्या पॅडचं घर्षण जवळपास स्थिर असतं. प्रत्येक आवर्तनात तो काढून घेतो ती ऊर्जा हेलकाव्याच्या प्रमाणात, आणि ऋण डॅम्पिंग आत ओतते ती हेलकाव्याच्या वर्गाच्या प्रमाणात. लहान हेलकाव्यात घर्षण जिंकतं. एका आकारापुढे वर्ग जिंकतो, आणि तोवर चालकाला सगळं शांतच वाटलेलं असतं. ‘हा बसवा आणि बिनधास्त चालवा’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून वस्तू जरूर घ्यावी, सल्ला घेऊ नये. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा यापुढे जातात. काही यंत्रणा कॅराव्हॅनचेच ब्रेक लावून तिला मागे ताणून धरतात, तर मोटारीतली ट्रेलर स्टॅबिलिटी यंत्रणा एकेका चाकाला हेलकाव्याच्या उलट तालात ब्रेक लावते आणि इंजिनाचा जोर कमी करते.

मग माणसाला स्टिअरिंगने तेच का जमत नाही? आवर्तन पावणेदोन सेकंदांचं, म्हणजे त्याचा पाव भाग ०.४४ सेकंद. डोळ्यांनी पाहून हात फिरवायला आणि मोटारीने प्रतिसाद द्यायला साधारण तेवढाच वेळ जातो. सावरण्यासाठी केलेलं वळण पाव आवर्तन उशिरा पोहोचतं, आणि नेमकी तेवढी दिरंगाई हेलकाव्याला खतपाणी घालते. वेग वाढवून कॅराव्हॅन ‘खेचून सरळ करायची’ ही कल्पना तर आणखी वाईट, कारण त्यातून आपण क्रिटिकल स्पीडच्या आणखी वर जातो. ब्रिटनच्या हायवे कोडमधला, म्हणजे तिथल्या रस्त्यांच्या नियमपुस्तिकेतला, ९८ वा नियम सांगतो की ट्रेलर डोलू लागला तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय सैल करा आणि वेग हळूहळू उतरू द्या. स्टिअरिंग सरळ धरून ठेवायचं, जोरात ब्रेक मारायचा नाही. जोरात ब्रेक लागला की मोटारीचा भार पुढे झुकतो आणि ज्या मागच्या टायरांवर सगळी भिस्त आहे तेच हलके होतात.

जर्मनीत हे भौतिकशास्त्र थेट कायद्यात आहे. ट्रेलर ओढताना तिथे वेगमर्यादा ताशी ८० ची, पण काही अटी पाळल्या तर १०० ची परवानगी मिळते. टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत. शॉक अ‍ॅब्सॉर्बर असलेल्या ब्रेकवाल्या कॅराव्हॅनचं वजन मोटारीच्या रिकाम्या वजनाच्या ८० टक्क्यांच्या आत हवं, आणि मान्यताप्राप्त स्टॅबिलायझर असेल तर ते १०० टक्क्यांपर्यंत चालतं. ब्रिटनमध्ये मर्यादा मोटरवेवर ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर, आणि साध्या दुपदरी रस्त्यावर ५० मैल. एकदा डोलणं झालं असेल, तर त्या दिवशी ही मर्यादाही जास्तच समजावी. पुढच्या थांब्यावर उतरून मागच्या टायरांचा दाब पाहावा, नोजवेट मोजावं, मागच्या कपाटातलं जड सामान आसाजवळ आणावं, आणि उरलेला रस्ता पंधरा-वीस किलोमीटर कमी वेगाने काटावा.