बारीक दाखवणारा काटा आणि बरोबर दाखवणारा काटा

घरात वजनकाटा घ्यायचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘शंभर ग्रॅमवाला नको, पन्नास ग्रॅमवाला घे, तो जास्त अचूक असतो.’ गेल्या वर्षभरात हे मी आत्याकडून, दादाकडून, शेजारच्या काकूंकडून आणि दुकानातल्या माणसाकडूनही ऐकलंय. चौघंही मनापासून सांगत होते आणि चौघांचंही चुकत होतं. बारीक दाखवणं वेगळं आणि बरोबर दाखवणं वेगळं. आमच्याकडे या गोंधळापायी बाबांच्या तब्येतीबद्दल घबराट उडाली होती, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवते.

पहिली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत फूटपट्टी आणि व्हर्नियरच्या वेळी ‘लघुत्तम माप’ शिकलो, तेच. आकडा ७१.४, ७१.५ असा सरकतो की ७१.४०, ७१.४५ असा, एवढाच प्रश्न. खोक्यावर ते ठळक छापलेलं असतं.

तो आकडा खऱ्या वजनाच्या किती जवळ आहे, हे मात्र खोक्यावर सहसा नसतं. असलंच तर आतल्या पुस्तिकेत, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. ४० किलोच्या वर अधिक-उणे १ टक्का, असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय. म्हणजे ७० किलोच्या माणसामागे ७०० ग्रॅम इकडे किंवा तिकडे. एवढी सूट घेणारा काटा ५० ग्रॅमच्या पायरीने आकडा दाखवतो, तेव्हा त्या शेवटच्या ५ ला काय अर्थ उरतो?

असं का होतं ते काट्याच्या पोटात बघितलं की कळतं. चार कोपऱ्यांच्या पायांत एकेक लोड सेल असतो. त्यातली धातूची पट्टी आपल्या भाराने किंचित वाकते, तिच्यावर चिकटवलेल्या नाजूक जाळीचा विद्युत रोध बदलतो, आणि चिप त्या बदलाचा आकडा करते. आकड्याचे तुकडे किती बारीक करायचे हे चिपमध्ये ठरतं आणि ते स्वस्तात होतं. पट्टी दर वेळी तितकीच वाकते का, कारखान्यात काटा नीट जुळवून घेतला होता का, हे त्या तुकड्यांवरून कळत नाही.

आपल्याकडे बऱ्याच घरांत भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावलेलं असतं. त्याला सेकंदकाटा आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. पण घरातल्या कुणाची लोकलही चुकत नाही, कारण ते रोज दहाच मिनिटं पुढे असतं. एखाद्या दिवशी चार मिनिटं, दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं पुढे गेलं असतं तर मात्र ते भिंतीवरून उतरवावं लागलं असतं. घरच्या वजनकाट्याचं तंतोतंत असंच आहे. तो खऱ्या वजनापेक्षा किलोभर जास्त दाखवत असेल तर चालवून घेता येतं. रोज वेगळी चूक करत असेल तर तो कामाचा नाही, मग पायरी कितीही बारीक असो.

आता बाबांचं. त्यांना हृदयाचा त्रास आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी वजन करा आणि दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच कळवा, अंगात पाणी साठत असेल. आमच्याकडे १०० ग्रॅमवाला जुना काटा होता. दवाखान्यात बाबांचं वजन ७१.३ भरलं आणि त्याच दिवशी घरी ७२.४. एका दिवसात किलोभर वाढलं की काय, म्हणून सगळे घाबरलो आणि दादाने त्याच संध्याकाळी ५० ग्रॅमवाला नवा काटा आणला. बाबा लागोपाठ तीनदा त्यावर उभे राहिले. ७१.४५, ७१.४५, ७१.४५. दादा खूश.

मला शंका आली, कारण बाबांनी मध्ये भांडंभर पाणी प्यायलं होतं. अर्धा लीटर पाणी म्हणजे अर्धा किलो, ते कुठेतरी दिसायला हवं होतं. काही डिजिटल काट्यांत अशी सोय केलेली असते की नवं वजन आधीच्या वजनाच्या आसपास असेल तर काटा नव्याने मोजलेला आकडा दाखवतच नाही, आठवणीतला जुनाच पुन्हा दाखवतो. गिऱ्हाइकाला वाटावं, वा, किती स्थिर काटा! मला याचा मनस्वी राग आहे. ज्या घरात दोन किलोंच्या फरकावर माणसाची तब्येत जोखायची असते, तिथे अशी सोय म्हणजे फसवणूक आहे.

यावर उपाय साधा आहे. दोन मोजण्यांच्या मध्ये काट्याला भलतंच वजन दाखवायचं. आम्ही अर्धी भरलेली बादली ठेवायचो, उचलायचो, आकडा विझू द्यायचा, मग बाबा उभे राहायचे. नव्या काट्याने तेव्हा ७१.४५, ७०.९०, ७१.८५ दाखवलं. जुन्याने ७२.४, ७२.४, ७२.३. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन आल्यावर लगेच मोजलं, तर जुन्याचा फरक पुन्हा १.१ चाच. म्हणजे जुना काटा दहा मिनिटं पुढचं घड्याळ होता, आणि नवा रोज वेगळी वेळ सांगणारा. नवा परत केला. बाबांच्या वहीच्या पहिल्या पानावर ‘घरचा काटा १.१ जास्त’ असं लिहिलंय आणि खाली रोजचा आकडा, जसा दिसला तसा.

तेव्हा काटा घेताना दुकानातच बादलीऐवजी पाठीवरची पिशवी वापरून असं पाच वेळा करून बघा. पाचही आकडे २०० ग्रॅमच्या आत राहिले तर घ्या. ऑनलाइन मागवलात तर परत करायची मुदत संपायच्या आत करा. खरेपणा तपासायचा तर आपल्या वजनाच्या आसपासच तपासा. पाच किलोच्या पिठाच्या पिशवीवर बरोबर ठरलेला काटा सत्तर किलोला बरोबर असेलच असं नाही. धान्याच्या दुकानातला मोठा काटा वैधमापन खात्याकडून मुदतीने तपासून शिक्का मारलेला असतो. ओळखीचा दुकानदार असेल तर त्यावर उभं राहू देतो, आणि तिथून तडक घरी येऊन त्याच कपड्यांत पुन्हा मोजायचं.

फरशीकडे लक्ष द्या. शहाबादी फरशीच्या सांध्यावर एक पाय आला की आकडा हलतो, सतरंजीवर ठेवला तर विचारूच नका. एक सपाट जागा ठरवा, उचलून हलवला तर आधी पायाने दाबून ०.० येऊ द्या, मग उभे राहा. आणि नाव बाथरूम स्केल असलं तरी आपल्याकडच्या ओल्या न्हाणीघरात तो ठेवू नका, पाण्याने आतलं सर्किट खराब होतं.

स्प्रिंगचा की डिजिटल? डिजिटल. काच की पत्रा? हवं ते. पसरट बैठक आणि साधे पेन्सिल सेल मात्र मी आग्रहाने सांगेन.

शरीरातली चरबी सांगणारे काटे मी घेत नाही. ते एका तळपायातून दुसऱ्यात अगदी सौम्य वीज सोडतात आणि उंची, वय, स्त्री की पुरुष यावरून अंदाज बांधतात. तो अंदाज २७.३ टक्के असा दशांशासकट दाखवला की लोकांना मोजमाप वाटतं. पेसमेकर बसवलेल्यांनी तर असा काटा वापरूच नये, तसा इशारा पुस्तिकेतच असतो.

बारीक पायरी खरोखर लागते ती तान्ह्या बाळाला. बाळाला कडेवर घेऊन मोजायचं आणि आईचं वजन वजा करायचं, ही युक्ती चांगली आहे. काट्याची ठरलेली चूक दोन्हींत सारखीच असल्याने निघून जाते. पण नवं बाळ दिवसाला वीस-तीस ग्रॅमने वाढतं, आणि ते मोठ्यांच्या कुठल्याच काट्याला दिसणार नाही, पन्नासवाल्यालाही नाही. त्यासाठी आरोग्य केंद्रातला बाळांचा काटाच बरा.