चित्रांच्या तक्त्यामुळे बोलणं खुंटत नाही

ज्या मुलांना बोलणं जड जातं, त्यांना चित्रावर बोट ठेवून सांगता यावं म्हणून चित्रांचा तक्ता देतात. ‘हातात असा तक्ता दिला की मूल बोलायचा आळस करतं,’ असं पालकांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. ते खरं नाही. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी अशा साधनांवरचे आधीचे अभ्यास तपासले. भक्कम पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं. ८९ टक्के जणांचं वाढलं होतं, बहुतेकांचं थोडंच, पण वाढलं.

तक्ता वाया जातो तो दप्तरात पडून राहिल्यावर. शब्द निवडायला वाचाउपचारतज्ज्ञ मदत करतात, पण ‘पाणी हवं?’ विचारताना आईने, शिक्षकांनीही पाण्याच्या चित्रावर बोट ठेवायला हवं. आणि मग थांबायचं. दहा सेकंदही फार लांब वाटतात. मुलाचं बोट चित्राकडे निघालेलं असतं, आपणच घाईने उत्तर देऊन टाकतो. तक्त्यावर ‘नको’ आहे ना, तेही बघा. पुष्कळदा तेच राहून गेलेलं असतं.