ओव्हरटेकची लेन अडते तेव्हा

"मी वेगमर्यादेइतक्या वेगाने चाललोय, मग ओव्हरटेकच्या लेनमध्ये राहिलो तर बिघडलं कुठे?" हा युक्तिवाद हमखास ऐकू येतो. बिघडतं ते मागे, आणि बरेचदा आरशात दिसणारही नाही इतकं मागे.

आधी साधा हिशेब करू. ट्रक ताशी ८० किमीने चाललाय आणि तुम्ही ८५ ने त्याला ओलांडताय. अंतर राखून लेन बदलायची, ट्रक पार करायचा, पुढे पुरेशी जागा सोडून परत यायचं. म्हणजे ट्रकच्या तुलनेत सुमारे १०० मीटर पुढे सरकायचं. वेगातला फरक सेकंदाला जेमतेम १.४ मीटर. त्यामुळे ७२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात १.७ किमी रस्ता संपतो. हाच वेग १०० असेल, तर १८ सेकंदांत, अर्ध्या किलोमीटरमध्ये काम उरकतं. तेवढा वेग मर्यादेत बसत नसेल तर सरळ ट्रकच्या मागे राहावं. ८० ऐवजी ८५ ने गेल्यावर शंभर किलोमीटरमागे साडेचार मिनिटंही वाचत नाहीत!

त्या सव्वा मिनिटात मागे गाड्या साचतात, त्यांच्यातलं अंतर आक्रसतं. आता एकाने ब्रेकला नुसता पाय लावला, तरी मागच्याला ते कळायला क्षणभर उशीर होतो, म्हणून तो जरा जास्त दाबतो. त्याच्या मागचा आणखी जास्त. अशी वेग कमी होण्याची लाट गाड्यांच्या उलट दिशेने मागे सरकते आणि कुठेतरी कुणाला पूर्ण थांबावं लागतं. जपानमधल्या युकी सुगियामा आणि सहकाऱ्यांचा २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग हेच दाखवतो. २३० मीटर परिघाच्या वर्तुळाकार मार्गावर २२ गाड्या, चालकांना सूचना एवढीच की ताशी ३० किमीच्या आसपास वेग ठेवा. ना सिग्नल, ना अडथळा. तरी थोड्याच वेळात कोंडी तयार झाली आणि ती ताशी सुमारे २० किमीने मागे सरकत राहिली.

लेन अडली की मागचे वैतागून डाव्या बाजूने घुसतात. ट्रकचालकाला दोन्ही बाजूंचं सारखं दिसत नाही. त्याच्या आसनापासून लांबच्या बाजूला न दिसणारा भाग बराच मोठा असतो. नेमक्या त्याच भागातून ही मंडळी जातात.

पुढे एक लेन बंद असेल, तर मात्र गणित उलटतं. तेव्हा फार आधीच एका रांगेत शिरण्यापेक्षा दोन्ही लेन शेवटपर्यंत वापराव्यात आणि लेन संपते तिथे बॅगेच्या चेनच्या दातांसारखं आळीपाळीने एकमेकांत मिसळावं. शेवटपर्यंत येणाऱ्याला लोक घुसखोर समजतात, पण जर्मनीच्या वाहतूक कायद्यात हीच पद्धत सांगितली आहे. वाहतूक दाटलेली असताना यामुळे रांगेची लांबी जवळपास निम्मी होते आणि तिचं शेपूट मागच्या फाट्यापर्यंत सहसा पोचत नाही.