ऑक्सिडीकरण अंक आणि समीकरणातील प्रमाण

रासायनिक अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो आणि त्यातून काय किती तयार होते, याचे गणित म्हणजे स्टॉइकिओमेट्री किंवा रससमीकरणमिती. संयुग बनताना एखाद्या अणूकडून किती इलेक्ट्रॉन गेले किंवा त्याच्याकडे किती आले, हे ठरावीक नियमांनी मोजून दिलेला आकडा म्हणजे ऑक्सिडीकरण अंक. पाठ्यपुस्तकांत हे दोन विषय बहुधा वेगळ्या प्रकरणांत येतात आणि विद्यार्थी ते वेगळेच पाठ करतात. खरे तर पहिला अणूंचा हिशेब आहे, दुसरा इलेक्ट्रॉनांचा. आणि जिथे इलेक्ट्रॉनांची देवघेव होते तिथे पहिल्यातले आकडे दुसऱ्यातून निघतात.

स्टॉइकिओमेट्री हा शब्द येरेमियास रिख्टर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७९२ मध्ये रूढ केला. ‘मूलद्रव्य’ आणि ‘मापन’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. अभिक्रियेत एकूण वस्तुमान बदलत नाही, हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए यांनी १७८९ मध्ये स्पष्टपणे मांडलेला नियम या गणिताचा पाया आहे. अणू एकेक करून मोजता येत नाहीत, पण पदार्थ तोलता येतो. या दोहोंना जोडणारे एकक म्हणजे मोल. २०१९ पासून १ मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण, अशी व्याख्या आहे.

लोह ऑक्साइडपासून लोखंड मिळवण्याची अभिक्रिया पाहू. ज्याच्या रेणुसूत्रात लोहाचे २ आणि ऑक्सिजनचे ३ अणू आहेत, असे १ मोल ऑक्साइड ३ मोल कार्बन मोनॉक्साइडशी अभिक्रिया करते. त्यातून २ मोल लोह आणि ३ मोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. वस्तुमानात सांगायचे तर १५९.७ ग्रॅम ऑक्साइड आणि ८४.० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड यांपासून १११.७ ग्रॅम लोह आणि १३२.० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. दोन्ही बाजूंची बेरीज २४३.७ ग्रॅम. समीकरणातले १, ३, २, ३ हे आकडे मोलचे प्रमाण सांगतात. ते ग्रॅमचे समजून गणित करणे ही नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. तसेच जास्त वजनाचा पदार्थ उशिरा संपेल असेही नाही. १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन एकत्र पेटवले तर ऑक्सिजन आधी संपतो, ११.२६ ग्रॅम पाणी तयार होते आणि ८.७४ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. येथे ऑक्सिजन हा मर्यादक अभिक्रियाकारक, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ.

आता इलेक्ट्रॉनांकडे. ऑक्सिडीकरण अंक काढताना बंधातले इलेक्ट्रॉन अधिक विद्युतऋण (म्हणजे ते स्वतःकडे जास्त ओढणाऱ्या) अणूने पूर्णपणे घेतले असे मानतात. मुक्त मूलद्रव्याचा अंक ०, एकाच अणूच्या आयनाचा अंक त्याच्या प्रभाराइतका, संयुगांत फ्लुओरीनचा नेहमी −१, हायड्रोजनचा बहुधा +१ (धातूंच्या हायड्राइडांत −१) आणि ऑक्सिजनचा बहुधा −२. रेणूतील सर्व अंकांची बेरीज ०, आयनातील बेरीज त्याच्या प्रभाराइतकी. सल्फ्युरिक आम्लात दोन हायड्रोजनचे +२ आणि चार ऑक्सिजनचे −८, म्हणून गंधकाचा अंक +६.

हा अंक म्हणजे अणूवरचा खरा प्रभार नाही, आणि संयुजाही (अणू किती बंध करतो ती संख्या) नाही. मिथेनपासून मिथेनॉल, फॉर्माल्डिहाइड, फॉर्मिक आम्ल या क्रमाने कार्बन डायऑक्साइडपर्यंत गेले तर कार्बनची संयुजा सगळीकडे ४ राहते. त्याचा ऑक्सिडीकरण अंक मात्र −४, −२, ०, +२, +४ असा पायरीपायरीने चढतो. कार्बनचे ऑक्सिडीकरण कसे होत जाते ते इतके सुंदर दुसरे कशातच दिसत नाही.

‘बहुधा’ या शब्दाकडे दुर्लक्ष झाले की गोंधळ होतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये दोन ऑक्सिजन एकमेकांशी जोडलेले असतात. त्या बंधात कोणी कोणाचे इलेक्ट्रॉन ओढत नाही, म्हणून तिथे ऑक्सिजनचा अंक −१. एक क्रोमियम आणि पाच ऑक्सिजन असलेल्या निळ्या पेरॉक्साइडमध्ये डोळे झाकून नियम लावला तर क्रोमियमचा अंक +१० येतो. पण क्रोमियमकडे देण्यासारखे बाह्य इलेक्ट्रॉन सहाच! रचना पाहिली की उलगडा होतो: चार ऑक्सिजन पेरॉक्साइड प्रकारचे, एक साधा, म्हणून खरा अंक +६. लोहाचे ३ आणि ऑक्सिजनचे ४ अणू असलेल्या मॅग्नेटाइट या खनिजामध्ये लोहाचा अंक ८/३ असा अपूर्णांक येतो. ती सरासरी आहे. तीनपैकी दोन लोह +३ आणि एक +२ असतो.

अंक वाढला तर ऑक्सिडीकरण, घटला तर क्षपण. वरच्या लोह ऑक्साइडच्या अभिक्रियेत प्रत्येक लोह +३ वरून ० वर येतो, म्हणजे दोघांना मिळून ६ इलेक्ट्रॉन हवेत. प्रत्येक कार्बन +२ वरून +४ वर जाताना २ देतो, म्हणून कार्बन मोनॉक्साइडचे रेणू ३. आम्लयुक्त द्रावणात परमँगनेटने (१ मँगनीज आणि ४ ऑक्सिजन असलेला, −१ प्रभाराचा आयन) फेरस आयनाचे (+२ प्रभाराचे लोह) अनुमापन करतात, म्हणजे ज्ञात द्रावण किती लागले त्यावरून त्याचे प्रमाण काढतात, तेव्हाही हेच घडते. मँगनीज +७ वरून +२ वर येताना ५ इलेक्ट्रॉन घेतो, प्रत्येक लोह +२ वरून +३ वर जाताना १ देतो. त्यामुळे १ परमँगनेटला ५ फेरस आयन लागतात. परमँगनेटमधल्या ४ ऑक्सिजनचे ४ रेणू पाणी होते आणि त्यासाठी ८ हायड्रोजन आयन खर्ची पडतात. शेवटी प्रभार तपासावा: डावीकडे −१, +१० आणि +८ मिळून +१७, उजवीकडे +२ आणि +१५ मिळून तेवढाच.