बोर्ड, फ्लेक्स, हँडबिल : मजकूर देण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडे बहुतेक मजकूर व्हॉट्सअॅपवर येतो आणि खाली लिहिलेलं असतं, 'जसा आहे तसा छापा'. छापतो आम्ही. पण फ्लेक्स चौकात लागला आणि लोक थांबून हसायला लागले, की फोन आम्हालाच येतो. म्हणून हे पत्रक.

आधी ऱ्हस्व-दीर्घ बघा. व्याकरणाचे मार्क मिळवायला नाही, अर्थच बदलतो म्हणून. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे बिचारा. एका दुकानाचा 'दहावा वर्धापन दीन' आमच्याच मशीनवर छापून गेलाय, तोही दोघांनी प्रूफ पाहिल्यावर. कृषी सेवा केंद्रवाल्यांनी जास्त जपावं. शेतात उभं असतं ते पीक, आणि पिक म्हणजे कोकिळ. 'पिक संरक्षक औषधे' असं लिहिलंत तर तुम्ही कोकिळेची काळजी घेताय. गंमत म्हणजे 'पिकाला', 'पिकांवर' लिहिताना पि ऱ्हस्वच हवा, त्यामुळे घोटाळा होतो. दोष सगळा तुमचा नाही.

मग शब्दांची जागा. 'शुद्ध गाईचे तूप' या पाटीत शुद्ध आहे ती गाय. 'गाईचे शुद्ध तूप' लिहा, पैसे तेवढेच पडतात. 'जुने फर्निचरचे व्यापारी' म्हटलं की व्यापारी जुने झाले, 'जुन्या फर्निचरचे' म्हटलं की फर्निचर.

बाहेरच्या कंपन्यांचे डीलर हिंदी मजकूर मोबाइलवर मराठी करून आणतात, तिथे डोळ्यात तेल घालून वाचा. हिंदीतली शिक्षा म्हणजे शिक्षण, आपल्याकडची वेगळी. 'मुलांना उत्तम शिक्षा' असं क्लासच्या बोर्डवर लिहिलं तर आईबाप खूश होतील, मुलं येणार नाहीत. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. 'ग्राहकांच्या समाधानाची आम्ही पूर्ण चेष्टा करतो' हे वाक्य काही ठिकाणी खरं असेलही, पण स्वतःहून कशाला सांगा? सुकामेव्याच्या दुकानावर 'कोरडी फळे' आलं तर तेही मोबाइलचंच काम समजा.

आता चुकीचं नसलेलं, पण काहीच न सांगणारं. 'माफक दरात उत्तम सेवा', 'ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय', 'एक विश्वसनीय नाव'. अशा ओळीखाली शेजारच्या दुकानाचं नाव घालून बघा. ओळ तशीच चालली, तर तिचे पैसे वाचवा. मध्यंतरी मेस चालवणाऱ्या एक ताई आल्या. हँडबिलात 'घरगुती, रुचकर, पौष्टिक, स्वच्छ, एकदा अवश्य भेट द्या'. आम्ही विचारलं, ताई, जेवायला असतं काय? त्या म्हणाल्या, भाकरी तव्यावरची देते, ताटात आल्यावरच दुसरी थापते, आणि बुधवारी पिठलं. आम्ही तेवढंच मोठ्या अक्षरात टाकलं, खाली वेळ आणि नंबर. 'एकदा' काढून टाकलं. मेसला माणूस एकदाच येऊन काय उपयोग?

'सोल्युशन्स' हा शब्द हल्ली कॉम्प्युटरवाल्यापासून पडदेवाल्यापर्यंत सगळ्यांना हवा असतो. आमच्या मते सोल्युशन खरोखर असतं ते पंक्चरवाल्याकडे, ट्यूबमध्ये. उलट 'आमची कोठेही शाखा नाही' या पाटीला लोक हसतात, पण त्या चार शब्दांत दुकान एकच आहे, नक्कल करणारे आहेत आणि मालकाचा स्वभाव कसा आहे, हे सगळं कळतं.

दुकानाच्या नावाबद्दल एक नियमाची गोष्ट. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठीत, देवनागरी पाटी लावावी लागते आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. 'द फॅशन हब लाइफस्टाइल स्टुडिओ' देवनागरीत लिहून अक्षरं मराठी झाली, पण रस्त्यावरून जाणाऱ्या आजींना आत साड्या आहेत की टाइल्स, हे अजून कळलेलं नाही. खाली 'साड्या व ड्रेस मटेरियल' घाला.

सवलतीच्या जाहिरातीत '५०% पर्यंत'मधला 'पर्यंत' मुंगीएवढा करा, असं आम्हाला सांगू नका. चांदणी मारून तळाशी इंग्रजीत अटी, हेही नको. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा हवा. आणि 'शेवटचे ३ दिवस' लिहायचं असेल तर तारीख टाका, नाहीतर तो फ्लेक्स पावसाळ्यातही शेवटचे ३ दिवसच सांगत राहतो.

प्रूफ आल्यावर मोठ्यानं वाचा. जमलं तर मजकूर ज्यानं लिहिला नाही त्याच्याकडून वाचून घ्या. फोन नंबर वाचू नका, त्यावर फोन लावा. 'ओके' आल्यावर छपाई सुरू होते, नंतरच्या दुरुस्तीचा खर्च तुमच्याकडे.

आमच्या मागच्या पत्रकावर आम्ही स्वतः 'आपल्या सेवेत सदैव तत्पर' छापलं होतं. ते या वेळी काढलंय. दुकान सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ८ उघडं असतं.